हाकेची मोटार

आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे एक मास्तर हजेरी घेताना मुलांची नावे घेत नसत. हजेरीपट उघडून बसायचे, एकेका मुलाकडे बोट करायचे, मुलाने उभे राहायचे आणि मास्तरांनी खूण करायची. ‘हजर’ म्हणायला बंदी होती. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ही नवी शिक्षणपद्धती वाटली आणि त्यांनी शेऱ्यात तिची तारीफ केली. मास्तरांनी ती तारीफ गंभीरपणे स्वीकारली. हेडमास्तरांनी पुढच्या सभेत तिचा उल्लेख ‘आपल्या शाळेचा प्रयोग’ असा केला.

पूर्वी ते असे नव्हते. मी सोलापूरला नोकरीला आलो तेव्हा त्यांची हाक गिरणीच्या भोंग्याइतकी लांब ऐकू जाई. इंग्रजीचा तास घेताना मला भिंतीपलीकडून हिमालयाची सगळी शिखरे ऐकू येत. मात्र ॲमेझॉन नदी ते शिकवीत नसत. “न पाहिलेली नदी शिकवणं म्हणजे खोटी साक्ष देणं,” असे त्यांचे म्हणणे. ॲमेझॉन मुलांनी पुस्तकातून वाचायची. हिमालय तरी कुठे पाहिलाय, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “तो खोटा असता तर एवढी वर्षं टिकला नसता.” अशा तर्कशास्त्राशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्यांच्याकडे एक मोटार होती. महायुद्धात जखमी सैनिक वाहून नेणारी ती गाडी लष्कराने लिलावात काढली आणि मास्तरांनी घेतली. गावात तेव्हा मोटारी थोड्या होत्या आणि मास्तराकडे मोटार असणे हा जवळजवळ गुन्हा होता. बाजूच्या लाल फुलीवर त्यांनी हिरवा रंग मारला होता, पण ऊन चढले की फुली खालून वर येई. आत जखमींच्या दोन झोळ्या होत्या, त्यांच्या खाटा झाल्या. एक स्टोव्ह, पाण्याची कळशी, शिध्याचा डबा आणि छताच्या आकड्याला अडकवलेली एक काळी छत्री. ती छत्री कधी उघडायची नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. गाडी डावीकडे कलली की सगळ्या वस्तू डावीकडे झुकत, छत्री मात्र सरळ लोंबत राही. आकडा वाकडा होता, असे माझे मत आहे.

दिवाळीची आणि नाताळची सुट्टी लागली की मास्तर मोटार काढत आणि जिल्ह्यातल्या टेकड्या, घळी, तळी, संगम पाहत हिंडत. रस्ता संपेल तिथे गाडी उभी करायची, तिथून पायवाटेने चालत सुटायचे, गाडीशी परत येऊन जेवायचे आणि झोपायचे. मी बरोबर असे. माझे लग्न झालेले नव्हते आणि खानावळीला सुट्टी असे, एवढेच त्याचे कारण. गाडीत तिसरे माणूस म्हणजे वहिनी, मास्तरांच्या थोरल्या भावाची बायको. त्या गाडीत निजत, आम्ही बाहेर ताडपत्रीखाली. वहिनींचे माहेर अक्कलकोटचे. एरवी त्या शुद्ध मराठी बोलत, दचकल्या की कानडी. त्या कधी दचकत नसल्यामुळे त्यांचे कानडी मी फारसे ऐकलेले नव्हते.

या गाडीने आम्ही कुठल्याही गावात शिरलो की गाव रिकामे होई. सुरुवातीला मला कळेना. चुलीवर भाकरी करपते आहे, दाव्याला बैल बांधलेला आहे, पाळणा हलतो आहे, आणि माणूस एक नाही. जणू आम्ही येण्याआधी कुणीतरी गावावरून हात फिरवला होता. शेवटी मोडनिंबच्या बाजूला एका वस्तीवर एक आजोबा सापडले. त्यांना पळता येत नव्हते.

“सुई टोचायला आलाव न्हवं?” त्यांनी विचारले. “टोचा. आता काय राहिलंय माज्यात.”

प्लेगची लस टोचणारे डॉक्टर अशाच मोटारीतून येत. फुली पाहून लोक ज्वारीत पळत. मास्तरांनी आजोबांना समजावले की आम्ही डॉक्टर नाही, आम्ही निसर्ग पाहायला आलो आहोत. त्यावर आजोबा जास्त घाबरले.

निसर्ग पाहण्याची मास्तरांची रीत वेगळी होती. ते टेकडीच्या माथ्यावर किंवा पाण्याच्या कडेला उभे राहत, दोन्ही हातांचा कर्णा करत आणि आपल्या थोरल्या भावाचे नाव घेऊन एकच हाक मारत. मग डोळे मिटून थांबत. आम्हीही थांबायचे. हिपरग्याच्या तलावावर पाखरे उडाली. नान्नजच्या माळावर वाळक्या गवतातून माळढोकाने मान वर केली, आमच्याकडे तुच्छतेने पाहिले आणि मान खाली घातली. ओ कुठूनच आली नाही. मग मास्तर डोळे उघडून म्हणत, “वारा होता. ही हाक धरता येणार नाही. पुन्हा यावं लागेल.” कधी वारा असे, कधी पाण्याचा आवाज, कधी गुरांच्या घंटा. एका टेकडीवर यातले काहीच नव्हते. तिथे ते म्हणाले, “माझा घसा बसला होता.”

वहिनी शांतपणे स्टोव्ह पेटवायला जात.

मास्तर वेडे आहेत, असे माझे बरेच दिवस मत होते. मग एकदा चहा गाळता गाळता वहिनींनीच सगळे सांगितले, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसे. त्यांचे यजमान मोजणी खात्यात होते. बार्शीच्या पुढे बालाघाटाच्या डोंगरात, मोगलाईच्या हद्दीजवळ एक घळ आहे. भर दुपारी सोबतच्या लोकांना ‘आलोच’ म्हणून ते त्या घळीत उतरले. छत्री सापडली, ते सापडले नाहीत. वाघ म्हणावा तर रक्त नाही, पाय घसरला म्हणावा तर प्रेत नाही. अशा माणसाची बारा वर्षे वाट पाहतात. तोवर बायकोच्या कपाळाला कुंकू राहते. बारा वर्षे भरली आणि शोध संपला, की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचे नाव देतात आणि जाळतात. मग त्याची बायको विधवा होते. न्हावी येतो, केस काढतो, आणि लाल आलवण नेसायचे.

“शोध संपला की,” वहिनी म्हणाल्या. “शास्त्रीबुवांनीच तसं सांगितलंय. शोध चालू असेपर्यंत नाही. म्हणून भाऊजी शोधतात.”

त्यानंतर वाऱ्याची तक्रार मी मास्तरांच्या आधी करू लागलो.

मास्तरांचे काका या सगळ्यावर नजर ठेवून होते. काका वकील होते, नगरपालिकेत होते आणि जिथे हार घातले जात अशा प्रत्येक जागी होते. त्यांचा आवाज भरदार होता आणि तो त्यांना स्वतःलाच फार आवडे. त्या वर्षी त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते. मुलाकडच्यांनी विचारले होते की घरात एक बाई आहे ती सवाशीण की विधवा? हळदीला तिला बसवायचे की नाही? काकांना उत्तर हवे होते, आणि बारावे वर्ष सरत आले होते.

नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर ते मास्तरांकडे आले. मी तिथेच होतो.

“किती जागा झाल्या तुझ्या?”

“बऱ्याच झाल्या. भीमेचा काठ राहिलाय, काका.”

“छत्री सापडली त्या घळीत हाक मारलीस?”

इतक्या वर्षांत ती एक घळ सोडून आम्ही सगळीकडे गेलो होतो, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आले.

“तिथं नाद घुमतो,” मास्तर म्हणाले. “आपलीच हाक परत येते. ती कशी धरायची?”

“ते मी ठरवीन. आणि हाकही मीच मारीन. तुझा घसा फार बसतो.” काकांनी माझ्याकडे बोट केले. “हे मास्तर साक्षीदार. घराबाहेरचे आहेत. ओ आली नाही तर शोध संपला. परत येताना भीमा-सीनेच्या संगमावर विधी उरकून घेऊ. मी पानं घेतली आहेत. न्हाव्यालाही संगमावर बसायला सांगून ठेवलंय.”

वहिनी दाराआड उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मामंजी, प्रवासात तुम्हाला भाकरी चालेल की पोळ्या करून घेऊ?”

म्हणून त्या खेपेला गाडीत पळसाच्या पानांचा मोठा भारा होता. तो जागा करून खाटेवर आडवा ठेवला होता. गाडी जखमी माणसांसाठीच बांधलेली, त्यामुळे तो भारा तिथे फार शोभून दिसे. वाटेत धक्का बसला की पाने आपापसात कुजबुजत. काका पुढे मास्तरांशेजारी बसले होते आणि एकदाही मागे वळून पाहत नव्हते. बार्शीपर्यंत ते नगरपालिकेच्या गटारांवर बोलले. पुढे डोंगर दिसू लागले तसे त्यांचे बोलणे विरळ झाले.

रस्ता संपला तिथे एक धनगर मेंढरे चारत होता. तो गाडी पाहून पळाला नाही. त्याला काकांनी घळीची वाट विचारली.

“ती काय म्होरं. पर जाऊन काय करनार तितं?”

“हाक मारायची आहे.”

धनगराने काकांच्या पगडीकडे पाहिले. “हितं आमी कुनाला नावानं हाक मारत न्हाय.”

“मग मेंढरं कशी वळवता?”

“शिट्टी मारतो की.” आणि पगडीचा मान राखत तो म्हणाला, “तुमी मोटी मानसं. तुमच्याकडं शिट्टी मारत नसत्याल.”

त्याला गाडीपाशी राखणीला बसवून आम्ही निघालो. पायवाट कोरड्या ओढ्यातून वर जात होती. दोन्ही बाजूंना काळा कातळ, कातळात खुरटी झाडे, वर निळ्या आभाळाची एक चिंचोळी पट्टी. दुपारचे स्वच्छ ऊन होते. भुताखेतांच्या गोष्टींना लागते तसले हवामान अजिबात नव्हते. फक्त आमच्या पावलांचे आवाज हळूहळू कमी होत गेले. आम्ही तसेच चालत होतो, दगड तसेच होते, पण पाऊल पडल्याचे ऐकू येईना. मी मुद्दाम एक गोटा लाथाडला. तो उशीवर पडावा तसा पडला.

घळीच्या तोंडाशी काका थांबले आणि त्यांनी टाळी वाजवली. कातळ समोरच होता. नाद घुमला नाही. त्यांनी आणखी जोराने वाजवली. टाळी हातातच संपली.

“कुठंय तुझा नाद?” काका मास्तरांना म्हणाले. “आता ही हाक धरता येईल ना?”

मास्तर एका दगडावर बसले आणि बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधू लागले. वाऱ्याची तक्रार करावी म्हणून मी वर पाहिले. एक पान हलत नव्हते. वहिनी काकांच्या मागे, हातात छत्री घेऊन उभ्या होत्या. छत्री त्यांनी गाडीतून केव्हा घेतली ते मला दिसले नव्हते. त्या घळीकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. संगमावर न्हावी बसला आहे हे आम्हा चौघांनाही ठाऊक होते.

काकांनी पगडी नीट केली, उपरणे सावरले, सभेपुढे उभे राहिल्यासारखी छाती पुढे काढली आणि श्वास भरून घेतला.

तेवढ्यात घळीतून ओ आली.

पुरुषाचा आवाज. मोठा नाही, घाईचा नाही. आतल्या खोलीत काहीतरी लिहीत बसलेला माणूस मान वर न करता देतो तशी ओ.

हे मी जसे पाहिले तसे सांगतो. काकांचे तोंड मिटलेले होते. मास्तरांच्या हातात बुटाचा बंद होता. मी काही बोललो नव्हतो. वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, “यारु?” म्हणजे, कोण?

काकांनी भरून घेतलेला श्वास त्यांच्या छातीतच राहिला होता. तो त्यांनी थोडा थोडा करून सोडला. मग त्यांच्यातला वकील जागा झाला.

“मी हाक मारलेली नाही,” ते म्हणाले. “हाकेशिवाय आलेली ओ ग्राह्य नाही.”

“मग मारा की, मामंजी,” वहिनी म्हणाल्या.

काका घळीकडे वळले. घळ आत अंधारी नव्हती, चांगले ऊन होते, शेवटचा कातळही दिसत होता, आणि तिथे कुणी नव्हते. त्यांनी तोंड उघडले. जन्मभर सभा गाजवलेल्या त्या माणसाच्या तोंडून एक नाव निघेना.

“मारा ना. एकदाच मारायची होती.” वहिनींचा आवाज सुनेचाच होता, वाकलेला, अदबीचा. “तुम्ही एवढे लांब आलात.”

काकांनी तोंड मिटले. मग ते मला म्हणाले, “ऊन फार आहे. चला.” आणि वाट उतरू लागले. ते पुढे होते, तरी सारखे मागे वळून पाहत होते.

ओ धनगराने दिली, असे मी ठरवले. गाडीपाशी आलो तेव्हा तो चाकाला टेकून झोपला होता आणि त्याच्या कुत्र्याने आम्हाला जवळ येऊ दिले नाही. उठवून विचारल्यावर तो म्हणाला, “आमी हितं वरडत न्हाय, सांगितलं की.” झोपेतून उठवलेला माणूस इतका साधा जबाब देतो तेव्हा तो खोटे बोलत असतो, असे मानायला मला आवडते.

संध्याकाळी बार्शीच्या अलीकडे एका आंबराईत मुक्काम केला. मास्तर आणि मी चुलीला काटक्या गोळा करून आलो, तर वहिनी कंदील शेजारी ठेवून खाली बसल्या होत्या आणि पळसाच्या भाऱ्याचा दोर सुटलेला होता. त्या पत्रावळी लावत होत्या. पानावर पान ठेवून चोयांनी टाचत होत्या, लग्नघरात बायका लावतात तशा, भराभर, न पाहता. ज्या पानांचा त्यांच्या नवऱ्याचा पुतळा व्हायचा होता, त्यांवर त्यांनी भात आणि पिठले वाढले.

काका पत्रावळीकडे पाहत राहिले.

“बसा ना, मामंजी. पानं चांगली रुंद आहेत. निवडून घेतलीत तुम्ही.”

काका बसले आणि जेवले. दुसऱ्यांदा भातही घेतला. नाही म्हणायचे तर का नाही, ते बोलून दाखवावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही संगमावर गेलो. कारण वहिनी म्हणाल्या, न्हावी बिचारा वाट पाहत असेल, त्याला तसंच कसं ठेवायचं. तो खरोखर वाळूत धोपटी मांडून बसला होता. वहिनींनी त्यालाही पत्रावळीवर जेवू घातले. त्याने काम काय आहे ते विचारले. कुणी काही सांगेना, तेव्हा आल्यासारखी त्याने काकांची दाढी केली. इतकी गुळगुळीत दाढी काकांची मी पुन्हा पाहिली नाही. पुढे लग्नात वहिनी हळदीला बसल्या. काकांनीच बसवले आणि कुणी विचारले की सांगत, “ओ आलेली आहे. मी स्वतः ऐकली.” हाक मारल्याचाही उल्लेख ते करू लागले आणि दरवेळी ती हाक थोडी मोठी होत गेली.

बदलले ते मास्तर. परतल्यावर काही दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी मला बाजूला घेतले.

“ती युक्ती तुमची ना? खरं सांगा. आयुष्यभर उपकार मानीन.”

“मी तुमची समजत होतो,” मी म्हणालो.

त्यांनी व्हरांड्याचा खांब धरला. “तो गेला हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं हो. म्हणून तर इतक्या खुशाल हाका मारत होतो. कुणी ओ देणारच नाही याची खात्री असल्यावर हाक मारायला काय जातं?” त्यांनी आजूबाजूला पाहिले. “तो नसेल, तर आपण एवढ्या ठिकाणी हाका मारून ठेवल्यात त्या कुणी ऐकल्या?”

तेव्हापासून त्यांनी कुणाला नावाने हाक मारली नाही. वर्गात बोट, रस्त्यात टाळी. घरी वहिनी जेवायला बोलावताना पितळेची घंटा वाजवत. मोटार अंगणात उभी राहिली. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला आणि हिरव्या रंगाला जे जमले नव्हते ते वेलाने केले. फुली झाकली गेली. पुढे काही वर्षांनी मास्तर साध्या तापाने वारले. शेवटी त्यांनी वहिनींना जवळ बोलावले ते खुणेने.

त्यांच्यानंतर मी एकदा वहिनींना भेटायला गेलो. केस पांढरे झाले होते, कुंकू ठसठशीत होते. दाराआतल्या खुंटीला ती छत्री होती. त्यांनी चहा केला. मी मनात बरीच वर्षे असलेले विचारले. त्या दिवशी काकांनी हाक मारलीच नव्हती, मग ओ आली कशी?

वहिनी कपाकडे पाहत म्हणाल्या, “मामंजींनी नव्हती मारली. मी मारली होती.”

“मी तुमच्याकडेच पाहत होतो. तुम्ही बोलला नाहीत.”

“मनात मारली. नाव घेऊन. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नाव घेतलं मी त्यांचं.”

बाहेर अंगणात दोडक्याची वाळलेली पाने गाडीच्या पत्र्यावर घासत होती. मी विचारले, “म्हणजे आवाज त्यांचाच होता?”

“छे,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचा आवाज मला माहीत नाही का? तो कुणाचा होता कोण जाणे.” त्यांनी माझा रिकामा कप उचलला. “पण ओ मला दिली होती.”